टेपचं दुसरं टोक

प्रिय,

एवढा एक शब्द लिहून बराच वेळ पेन हातात धरून बसलोय. पुढे काय लिहायचं ते कळेना. आपला सगळा संसार ‘अगं’ आणि ‘अहो’ यांच्यावरच चालला, नावानं हाक मारायची वेळच आली नाही. ‘प्रिय अगं’ असं लिहून पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं. म्हणून नुसतं ‘प्रिय’ ठेवतो. पुढचं तू भरून घे, तशीही माझी अर्धी वाक्यं तूच पुरी करतेस.

म्हणशील, रोज फोन होतो, मग हे पत्राचं काय खूळ? पण आपली लेक फोन आला रे आला की तो स्पीकरवर टाकते. मग जावई तब्येतीची चौकशी करणार, नात मध्येच टाहो फोडणार, तू लांबून जेवलात का म्हणून विचारणार, मी जेवलो म्हणणार, की झालं बोलणं. मला जे सांगायचंय ते असं सगळ्यांच्या देखत सांगता यायचं नाही. आणि ते लांबलचक आहे, शिवाय त्यात माझी बरीच फजिती आहे. तेव्हा दुपारी बाळ झोपलं की हे एकटीनं वाच. लेकीनं विचारलंच तर सांग, बाबांनी विजेच्या मीटरबद्दल लिहिलंय. पुढचं ती काही विचारणार नाही.

आधी घरची खबर. कुंड्यांना पाणी घालतो. एक वाळली, पण ती तू असतानाच वाळायला लागली होती असं माझं म्हणणं आहे. दूध दोनदा उतू गेलं. घराचं म्हणशील, तर ते चष्मेवाले गृहस्थ परत येऊन गेले, या वेळी बायकोला घेऊन. दोघांना घर पसंत पडलं. महिनाअखेर कागद करायचे, मग मी सामान बांधून तिकडे यायचं, आणि तुला हा डोंगर पुन्हा चढायला लावायचाच नाही, असं आपलं ठरलेलं. लेकीच्या घराला लिफ्ट आहे, गाव सपाट आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे. सगळं कसं सोयीचं. तू निघालीस त्या दिवशी दारात बॅग खांद्याला लावून उभी होतीस तेव्हा मी शेवटचं विचारलं, घराचं नक्की ना? तू म्हणालीस, तुम्ही म्हणाल तसं. मग शिलाई मशीनकडे न बघताच म्हणालीस, हे कुणाला तरी देऊन टाका, तिकडे कुठे नाचवायचं. आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत पडद्यांचं सांगायला लागलीस.

कपाटात शिवून ठेवलेल्या पडद्यांचे गठ्ठे होते, ज्याचा त्याला पोचवायचे होते. तू पत्ते सांगत होतीस आणि मला घाम फुटत होता. पाण्याच्या टाकीच्या मागून पायऱ्या चढा, कुत्रं भुंकलं की समजा बरोबर चाललात, भुंकलं नाही तर मागे फिरा. निळ्या कठड्यापाशी वर जाऊ नका, खाली उतरा, कारण घर वर दिसलं तरी दार खालून आहे. हे असले पत्ते! मी म्हणजे शहर-दर्शनाच्या पिवळ्या बसचा ड्रायव्हर. दीपगृह, किल्ला, मत्स्यालय, सूर्यास्ताचा कठडा, बंदराचा धक्का, हे डोळे मिटून दाखवीन. हे शहर मला तोंडपाठ आहे अशी माझी पक्की समजूत होती. आणि आता सांगायला हरकत नाही, त्या सूर्यास्ताच्या कठड्यावर एवढी वर्षं बस उभी केली पण सूर्यास्त मी एकदाही धड पाहिला नाही. लोक समुद्राकडे तोंड करून उभे असायचे तेव्हा मी टायर तपासत असायचो.

डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. म्हटलं, पोट उतरेल आणि तुझं कामही होईल. पण पहिला गठ्ठा उचलण्याआधी माझ्यातला ड्रायव्हर जागा झाला. गाडी बाहेर काढण्याआधी चाकं, ब्रेक, दिवे बघायचे, ही माझी सवय तुला माहीत आहे. म्हणून गठ्ठे सोडून पडदे जेवणाच्या टेबलावर पसरून बघितले. सगळ्या पडद्यांचा खालचा काठ तिरका होता. एखाददुसरा नाही, सगळेच. कुठे डावी बाजू चार बोटं लांब, कुठे उजवी.

आता जे लिहितो ते मी तुला तोंडावर कधीच बोललो नसतो. गेलं वर्षभर मी तुझ्याकडे चोरून बघत होतो. सुईत दोरा ओवताना तू सुई खिडकीकडे धरायचीस, एक डोळा मिटायचीस, मान मागे न्यायचीस. मला वाटायचं, हिला दिसेनासं होतंय आणि ही सांगत नाही. तुला दुखवायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. लेकीच्या कानावर मात्र घातलं. तिनं तिकडे या म्हणून एवढा लकडा लावला तो त्यामुळे, आणि घर विकायची मला एवढी घाई झाली तीही त्यामुळेच. उद्या या पायऱ्यांवर तुझा पाय चुकला तर, या एका विचारानं माझी झोप उडाली होती. ते तिरके काठ बघितले आणि म्हटलं, झालं, आपली शंका खरी ठरली. टेबलाशी बसून राहिलो. चहा समोर होता, त्याच्यावर साय धरली.

मग मी एक शहाणपणा केला. लोकांना कळायला नको, तुझं नाव खराब व्हायला नको, म्हणून ते सगळे पडदे बाजारातल्या अल्टरेशनवाल्याकडे नेले आणि म्हटलं, काठ सरळ करून दे. त्यानं पडदा हातात घेऊन उलटासुलटा केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, काका, हे काकूंचं काम आहे ना? मी म्हटलं, तू बोलू नकोस, सरळ कर. देव त्याचं भलं करो, त्यानं कात्री लावली नाही. लांब बाजू आतून दुमडली आणि वरून एक टीप मारून दिली. मी खूश. घरी आणून सगळ्यांना इस्त्री केली, गठ्ठे पुन्हा तुझ्यासारखे बांधले. वाटलं, बायकोची लाज राखली बुवा आपण.

पहिलं घर बेकरीवालीचं. बसच्या रस्त्यानं बेकरी म्हणजे अख्ख्या डोंगराला वळसा, म्हणून ती मला कायम लांब वाटायची. टाकीमागच्या पायऱ्यांनी गेलो तर ती आपल्या डोक्यावरच निघाली! कुत्रं भुंकलं, मला हायसं वाटलं. पायऱ्या दोन घरांच्या मधून अशा जातात की एका हाताला कुणाचं तरी स्वयंपाकघर आणि दुसऱ्या हाताला कुणाचं तरी छप्पर. डोक्यावर वाळत घातलेले कपडे, खाली कुणीतरी भांडी घासतंय, आणि मध्येच एका फटीतून समुद्राचा एवढासा तुकडा. त्यात नेमकं एक जहाज. हे मी कुठल्याच प्रवाशाला कधी दाखवलं नव्हतं, कारण मलाच ते माहीत नव्हतं.

बेकरीवालीचे हात पिठाचे होते, म्हणून म्हटलं मीच लावून देतो. ऐटीत स्टुलावर चढलो, दांडीत कड्या ओवल्या, खाली उतरून मागे सरकून बघतो तर काय! पडद्याचं एक टोक जमिनीला टेकतंय आणि दुसरं वर उचललं गेलंय. मी दांडी तपासली, दांडी नीट. कड्या मोजल्या, कड्या नीट. ती बाई पदराआड हसत होती. शेवटी म्हणाली, काका, हा काकूंनी शिवलेला नाही. मी म्हटलं, त्यांनीच शिवलाय. ती म्हणाली, शक्यच नाही. आणि तिनं टोपलीतला एक कांदा उचलून जमिनीवर ठेवला. नुसता ठेवला, ढकलला वगैरे नाही. तो क्षणभर थांबला, मग आपला आपण निघाला आणि थेट दारापर्यंत जाऊन उंबऱ्याला टेकला.

मी बघतच राहिलो. ती सांगत होती, हा सगळा उतार हळूहळू समुद्राकडे कलतोय म्हणे, आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून. घरं त्याच्यासोबत कलतात. धोका काही नाही, पण एकही जमीन सरळ नाही, एकही खिडकी काटकोनात नाही. बाहेरचे शिंपी सरळ पडदे शिवून देतात आणि ते लावले की घर दारू प्यायल्यासारखं दिसतं. काकू आल्या की आधी नुसत्या दारात उभ्या राहून खोली बघतात. मग टेपचं एक टोक आमच्या हातात देतात, गप्प धरून ठेवा म्हणतात, आणि दुसऱ्या टोकानं खिडकीचा प्रत्येक कोपरा वेगवेगळा मापतात. घर जसं कललंय तसाच पडदा कापतात, म्हणून तो सरळ दिसतो. हे ऐकताना मी तो पडदा हळूच काढून घेत होतो. इस्त्री राहिलीये, असं काहीतरी पुटपुटलो. तिला सगळं कळलं होतं, पण तिनं मला निमूट जाऊ दिलं. वर एक गरम पाव बांधून दिला.

घरी आलो आणि काय केलं असेन सांग. टोपलीतून कांदा काढला आणि आपल्या हॉलमध्ये ठेवला. आपलं घर सरळ आहे यावर मी पैज मारली असती. तो कांदा टेबलाखालून, खुर्च्यांच्या मधून वाट काढत तुझ्या मशीनच्या पायडलखाली जाऊन बसला. मी तीन वेगवेगळे कांदे ठेवून पाहिले, तिन्ही तिथेच. मग आपल्या खिडक्यांकडे बघितलं. पडदे कसे सुरेख, जमिनीशी समांतर! खाली बसून एकाचा काठ हातात धरला. डावी बाजू उजवीपेक्षा पुरती वीतभर लांब होती. एवढी वर्षं मी त्या पडद्यांच्या शेजारी बसून पेपर वाचला, आणि घर कललंय हे तू मला कळूही दिलं नाहीस.

मग मी उसवायला बसलो. तुझ्या डब्यातलं ते शिवण उसवायचं छोटं हत्यार घेतलं, चष्मा पुसला आणि अल्टरेशनवाल्याची एक एक टीप काढली. दोन दिवस बोटांना टोचून घेत होतो. दुमड उघडली की आत तुझी शिवण सापडायची आणि तिच्याखाली निळ्या खडूची पुसट रेघ. एकही रेघ दुसरीसारखी तिरकी नव्हती. प्रत्येक घराचा उतार निराळा. मला तिथेच कळलं की ज्या बाईला जमिनीचा एवढासा उतार दारात उभं राहून दिसतो, तिच्या नजरेची काळजी करणारा मी शहाणा कोण? तरी खात्री करावी म्हणून अल्टरेशनवाल्याला जाऊन विचारलं, सुई उजेडाला धरून एक डोळा का मिटतात रे? तो म्हणाला, काका, आम्ही सगळे असंच करतो, भोक दिसायला नको? त्याची अजून तिशीही उलटली नाही. मी हसत सुटलो. त्याला वाटलं काका एकटे राहून बिघडले. खरं सांगायचं तर वर्षभराचं ओझं त्या दुकानाच्या पायरीवर उतरलं होतं.

त्यानंतर मी जो चालायला लागलो तो थांबलोच नाही. पडदे पोचवायचे म्हणून निघायचो आणि मुद्दाम वाकड्या वाटेनं जायचो. प्रत्येक चढणीच्या मध्यावर, जिथे पायऱ्या वळतात तिथे, कुणीतरी एक खुर्ची बाहेर ठेवलेली असते. येणाऱ्याजाणाऱ्यानं बसावं म्हणून. या खुर्च्या पाय बदललेल्या, पाठ तुटलेल्या, पण रोज पुसलेल्या. अशाच एका खुर्चीवर टेकलो तर खालची गादी ओळखीची वाटली. तपकिरी कापडावर पिवळी पानं. अगं, आपल्या झोपायच्या खोलीचे जुने पडदे! लेक शाळेत होती तेव्हाचे. पुढच्या वळणावर तिच्या अभ्यासाच्या खोलीचे निळे पट्टे. तू उरलेल्या कापडाच्या गाद्या शिवून साऱ्या डोंगरभर वाटल्यास आणि घरात एका शब्दानं बोलली नाहीस. त्या खुर्च्यांवर बसून मी एका दमात सांगता येणार नाहीत इतक्या लोकांशी बोललो. ‘पडदेवाल्या काकूंचे मिस्टर’ म्हटलं की मला सावलीतली जागा मिळते. बसमध्ये मी पुढच्या सीटवर बसायचो, पण असा मान मला कधी कुणी दिला नव्हता.

आता टगवाल्या आजोबांचं सांगतो. त्यांची छोटी बोट मोठमोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावायची, म्हणून सगळे त्यांना टगवाले म्हणतात. आता ते खाटेवरच असतात. त्यांचा पडदा मी लावला आणि घाबरलोच, कारण तो खिडकीच्या मध्यावरच संपत होता. म्हटलं, आता हे काय नवीन? आजोबा उशीवरून मिश्कीलपणे म्हणाले, तुमची बायको माझ्या या उशीवर डोकं ठेवून गेलीय, तुम्हाला सांगितलं नाही वाटतं? मग सुनेनं सगळं सांगितलं. तू त्यांना खुर्चीत बसवलंस, स्वतः त्यांच्या खाटेवर आडवी झालीस आणि तिथून बघितलंस की ऊन डोळ्यांवर कुठून येतं आणि बंदर कुठून दिसतं. टेपचं टोक तेव्हा आजोबांनी धरलं होतं. पडदा अशा जागी कापलास की ऊन अडतं आणि जहाज दिसतं. ते रोज सकाळी पडल्या पडल्या जहाजं मोजतात आणि टगवाले आजकाल कसे चुकतात त्यावर शिव्या घालतात. मीही त्यांच्या परवानगीनं त्या उशीवर डोकं ठेवून पाहिलं. एवढं छान बंदर मी धक्क्यावरून कधी बघितलं नव्हतं.

त्यांचं एक गाऱ्हाणं होतं. म्हणाले, पूर्वी खालच्या वळणावर एक पिवळी बस यायची, त्या गाढवाला दोनदा हॉर्न वाजवल्याशिवाय वळताच यायचं नाही. आमच्या घरात त्या हॉर्नवर चहा ठेवायचे. आता तो कुठे गेला कोण जाणे, तेव्हापासून माझा चहा रोज उशिरा होतो. सून म्हणाली, आमचाच नाही, या साऱ्या उतारावरच्या घरांचा तसाच. मी मान खाली घालून सांगितलं, ते गाढव मी. आणि तो हॉर्न परतीच्या फेरीला घरी कळावं म्हणून असायचा, आधण ठेव, मी आलो. आजोबा इतके हसले की सुनेला त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, म्हणजे तुमच्या एका चहासाठी आम्ही सगळे इतकी वर्षं चहा पितोय! त्यांनी मला तिथेच बसवून चहा पाजला. खरं सांगतो, निवृत्तीच्या समारंभात मला शाल दिली, घड्याळ दिलं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. इथे मात्र कप रिकामा झाला तरी खाली ठेववेना.

शेवटचा गठ्ठा राहिला होता तो चित्रकलेच्या बाईंचा. घर अगदी माथ्यावर, रस्त्यावरून छपरात शिरायचं आणि खोल्या खाली खाली उतरत जायच्या. त्यांचा लांबलचक पडदा लावला, मागे सरकून बघितला, सुतात. बाईंनी टाळीच दिली. मग बोलता बोलता म्हणाल्या, काकू जाणार म्हणून फार वाईट वाटतं, पण तुमच्या तब्येतीपुढे इलाज नाही. मी म्हटलं, माझ्या? त्या म्हणाल्या, काकूंनीच सांगितलं. म्हणाल्या, ह्यांना आता पायऱ्या सोसत नाहीत. मध्येच थांबतात आणि मला कळू नये म्हणून बुटाची लेस बांधत बसतात. सुटलेली नसते, तरी बांधतात. मी पुढे बघत उभी राहते. तोंडानं कधी कबूल करायचे नाहीत, म्हणून मीच घराला हो म्हटलं. माझं काय, मी कुठेही शिवीन.

मी आपली लेस बघत बसलो. बाईंना वाटलं त्यांचं काही चुकलं, त्या सारख्या सरबत घ्या, सरबत घ्या करत होत्या. परत येताना मी त्या पिवळ्या पानांच्या गादीवर पुष्कळ वेळ बसलो. मी तुझ्या डोळ्यांसाठी घर विकत होतो आणि तू माझ्या पायांसाठी. दोघंही एकमेकांवर उपकार करायला निघालो होतो, आणि दोघांनाही जायचं नव्हतं. रडावं की हसावं ते कळेना. शेजारून एक बाई कपड्यांची टोपली घेऊन चढत होती, ती थांबून म्हणाली, काका, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, फार बरं वाटतंय. आणि ते खोटं नव्हतं.

मला तुझे आभार मानायचे आहेत. आपल्यात अशी पद्धत नाही, म्हणून कसे मानायचे तेही नीट ठाऊक नाही. तू चार घास वेळेवर दिलेस, लेक वाढवलीस, त्याबद्दल तर आहेतच. पण या वयात तू मला एक अख्खं शहर दिलंस. मी ज्याच्या भोवतीनं गोल गोल बस फिरवत राहिलो, त्याच्या पोटात तू टेप घेऊन जात होतीस. तुझ्यामुळे लोक मला घरात घेतात, खुर्ची पुढे करतात. परवा मी सूर्यास्तही पाहिला, बेकरीवालीच्या खिडकीतून, तुझा पडदा हातानं बाजूला करून. आणि सांगायचं राहिलं, टाकीमागच्या पायऱ्या मी आता एका दमात चढतो. माथ्यापर्यंत जायचं असेल तर मध्ये थांबतो, पण उघडपणे खुर्चीत बसतो. लेस बांधत नाही. डॉक्टरही म्हणाले, काय करताय ते चालू ठेवा. मी म्हटलं, पडदे लावतो.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. ते चष्मेवाले गृहस्थ काल आले होते. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, घर द्यायचं नाही. ते चिडले, कारण विचारू लागले. मी कांदा आणून त्यांच्या पायाशी ठेवला. तो तुझ्या मशीनकडे चालू लागल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणाले, अहो, हे घर तर वाकडं आहे! मी म्हटलं, हो, आणि ते सरळ ठेवणारी माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. मशीनही कुणाला दिलेलं नाही, उलट तेल घालून ठेवलंय. ‘तुम्ही म्हणाल तसं’ असं म्हणून गेली होतीस ना? तर मी म्हणतो, आपण इथेच राहायचं. लेकीला मी समजावीन, ते माझ्याकडे लागलं, आणि नातीला बघायला आपण दोघं येत-जात राहू. बाळ मान धरेपर्यंत खुशाल राहा, घाई करू नकोस, पण मग ये. मनातून तिकडेच राहावंसं वाटत असेल तर मात्र तसं स्पष्ट कळव, या वेळी ‘तुम्ही म्हणाल तसं’ चालायचं नाही. बेकरीवालीनं माडीवर नवी खोली काढलीय, तिची खिडकी मापायची राहिलीय. ती म्हणत होती, टेपचं टोक धरून हात भरून येतो. मी तिला सांगून आलोय, या वेळी तुला नको धरायला, मी धरीन. घेशील ना मला कामावर? न हलता उभा राहीन.

तू ज्या दिवशी येशील त्या दिवशी बसवाल्या नव्या पोराला सांगून ठेवलंय, वळणावर दोनदा हॉर्न दे. या वेळी आधण मी ठेवीन.

तुझाच,
अहो